निळा पडदा आणि तुटलेली पायरी

"अगं, तो परत निळा झाला."

गेल्या पावसाळ्यात बाबांचा हा फोन आठवड्यातून दोनदा तरी यायचा. मी ऐरोलीला, आईबाबा ठाण्यात नौपाड्याला. त्यांच्या हॉलमध्ये खिडकीपाशी एक डेस्कटॉप आहे. सोसायटीचे हिशेब, मेंटेनन्सची बिलं, थोडे शेअर आणि दुपारी जेवणानंतर पत्त्यांचा डाव, एवढंच त्याचं काम. 'फार हळू चालतो' अशी तक्रार आली म्हणून एप्रिलमध्ये मीच त्यात आणखी ८ जीबीची रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी असलेली पट्टी, बसवून दिली होती, हे आत्ताच कबूल करून ठेवते. मे महिना दोघं गावी होते, कॉम्प्युटर बंदच. जूनमध्ये परत आले आणि निळा पडदा सुरू झाला. म्हणजे काम चालू असताना अचानक सगळा पडदा निळा व्हायचा आणि कॉम्प्युटर थांबायचा.

जवळच्या दुकानातल्या मुलाने बघितलं, 'विंडोज करप्ट झालंय' म्हणाला आणि फॉरमॅट मारून दिला. सातशे रुपये. नऊ दिवसांनी पुन्हा निळा. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा सातशे. पुन्हा प्रिंटर जोडा, मराठी टायपिंग टाका, सोसायटीच्या जुन्या एक्सेल फायली शोधा. या खेपेला चार दिवस टिकलं. मग बाबांनी विचारलं, "काय, परत फॉरमॅट मारायचा का?"

"नाही, थांबा. मी रविवारी येते. तोवर निळा झाला की कालनिर्णयवर लिहून ठेवा. किती वाजता झाला, तुम्ही काय करत होतात, आणि खालच्या बाजूला बारीक अक्षरात जे इंग्रजी येतं ते जसंच्या तसं."

"त्यावर दुधाचा हिशेब असतो."

"दुधाच्या खाली लिहा."

पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या कालनिर्णयच्या पानावरूनच उलगडलं. पण आधी हा निळा पडदा मुळात येतो कशाला, ते बघू. बाबांना सोसायटीचा दाखला देऊन सांगितलं होतं, तोच इथे देते.

विंडोज ही एक बिल्डिंग समजा. ब्राउझर, एक्सेल, पत्त्यांचा खेळ हे सगळे वरचे फ्लॅट. एखाद्या फ्लॅटमध्ये भांडण झालं, भांडी आपटली, तर फार तर त्या घराचं दार बंद होतं. बाकीच्यांचा स्वयंपाक चालू राहतो. एक्सेल अडकलं आणि आपण ते बंद केलं, तर बाकीचं चालू राहतं ते म्हणूनच. पण तळमजल्यावर मीटर रूम असते, पाण्याचा पंप असतो, लिफ्टची मोटर असते. कॉम्प्युटरमध्ये या तळमजल्याला कर्नल म्हणतात. तिथे कोणीही उठून जाऊ शकत नाही. किल्ल्या मोजक्या लोकांकडे असतात, आणि त्यात ड्रायव्हर नावाची मंडळी येतात. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वायफाय, ग्राफिक्स कार्ड यांच्याशी विंडोजचं बोलणं करून देणारे छोटे प्रोग्रॅम. अँटीव्हायरसलाही सगळीकडे लक्ष ठेवायचं असतं, म्हणून त्याच्याकडेही एक किल्ली असते.

आता मीटर रूममधून जळका वास आला तर वॉचमन काय करेल? कमिटीची मीटिंग बोलावत बसणार नाही. आधी मेन स्विच पाडेल. अख्खी बिल्डिंग अंधारात गेली तरी चालेल, पण आग लागायला नको. विंडोज अगदी हेच करतं. तळमजल्यावर असं काही घडलं की ज्यानंतर मेमरीत नक्की काय लिहिलंय याची खात्री उरत नाही, की ते मुद्दाम सगळं थांबवतं. तसंच रेटत राहिलं तर चुकीचा मजकूर डिस्कवर जाऊन फायलींचं वाटोळं होऊ शकतं. थांबता थांबता ते मेमरीतला काही भाग डिस्कवर उतरवून ठेवतं आणि पडद्यावर एक स्टॉप कोड, म्हणजे थांबण्याच्या कारणाचं नाव, दाखवतं. वॉचमनने वहीत केलेली ही नोंद.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. एप्रिल १९९८ मध्ये बिल गेट्स यांच्यासमोर, भरल्या सभागृहात, विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू असताना एक स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला होता. आणि १९ जुलै २०२४ ला जे झालं ते तर आपण सगळ्यांनीच पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ते सॉफ्टवेअर वरच्या फ्लॅटमध्ये राहणारं असतं तर फक्त ते स्वतः बंद पडलं असतं. त्याच्याकडे तळमजल्याची किल्ली होती, म्हणून बिल्डिंग बंद पडली.

जाता जाता एक: विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हा पडदा २०२५ पासून काळा केला आहे. निळ्या पडद्यावरचा रडका चेहराही गेला आणि क्यूआर कोडही. त्या क्यूआर कोडचं फार वाईट वाटून घेऊ नका. स्कॅन केला की मायक्रोसॉफ्टचं एक सर्वसाधारण मदतीचं पान उघडायचं, तुमच्या मशीनला नेमकं काय झालंय याचा त्यात पत्ता नसायचा. स्टॉप कोड मात्र काळ्या पडद्यावरही असतो, आणि कामाची गोष्ट तीच आहे. बाबांना हे सांगून ठेवलं होतं, की पुढेमागे काळा दिसला तरी गोंधळू नका.

रविवारी गेले. आईने पोहे पुढे केले आणि बाबांनी भिंतीवरून कालनिर्णय काढून आणलं. जुलैचं पान. ८ तारखेच्या चौकोनात 'दू. १॥' आणि त्याखाली पेन्सिलने 'मेमरी मॅनेजमेंट, दु. ३.१०, पत्ते'. १० तारखेला 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, स. ११, एक्सेल'. ११ ला 'आयआरक्यूएल नॉट', आणि पुढे प्रामाणिकपणे 'वाचायच्या आत गेला'. १३ तारखेला त्याच दिवशी दोनदा, दोन्ही कोड वेगळे, आणि शेजारी लिहिलेलं: 'मी काहीच करत नव्हतो. पेपर वाचत होतो.'

हे 'काहीच करत नव्हतो' वाचून मला जवळजवळ उत्तर मिळालं.

बिल्डिंगच्या जिन्यात एक पायरी तुटकी आहे असं समजा. सोमवारी दूधवाला पडला, मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, बुधवारी कुरिअरवाला. दरवेळी पडणारा माणूस वेगळा. अशा वेळी दूधवाल्याच्या चपला तपासण्यात अर्थ नाही, जिना बघायला हवा. याउलट जिना धडधाकट आहे, बाकी सगळे नीट चढतात-उतरतात आणि दरवेळी एकच माणूस पडतो, तर त्या माणसाकडे बघायचं.

निळ्या पडद्याचंही तसंच आहे. दरवेळी वेगळा कोड, वेगळी वेळ, वेगळं काम, कधी तर काहीच काम नाही: पायरी तुटली आहे. म्हणजे हार्डवेअर, आणि त्यातही पहिला संशय रॅमवर. दरवेळी तोच कोड, तीच परिस्थिती, व्हिडिओ कॉल लावला की, लॅपटॉपचं झाकण मिटलं की: कुठला तरी ड्रायव्हर. हा काही शंभर टक्के नियम नाही. पण कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरतं, आणि दोन फॉरमॅटचे चौदाशे रुपये वाचतात. फॉरमॅट म्हणजे सगळ्या भाडेकरूंना बाहेर काढून नवे भरणं. तुटकी पायरी तशीच.

रॅममध्ये 'पायरी तुटते' म्हणजे काय? ८ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ६,९०० कोटी बारीक कप्पे असतात, प्रत्येकात एक शून्य किंवा एक. त्यातला एखादाच कप्पा कमजोर असला, एक ठेवला तर कधीमधी शून्य परत देतो असा, तर त्या कप्प्यावर त्या क्षणी कोण बसलंय यावर सगळं ठरतं. पत्त्यांच्या डावातलं एखादं चित्र बसलं असेल तर बदामचा रंग जरा बिघडेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण तिथे कर्नलचा स्वतःचा हिशेब बसला असेल, अमुक माहिती अमुक पत्त्यावर ठेवली आहे असा, तर तो पत्ता चुकतो. चुकलेल्या पत्त्यावर जाऊन कर्नल दार ठोठावतं, तिथे घरच नसतं. त्याला विंडोज म्हणतं 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. हिशेबाची वहीच जुळली नाही तर 'मेमरी मॅनेजमेंट'. नावं वेगवेगळी, कप्पा तोच.

नुसत्या अंदाजावर रॅम बदलायची नसते, म्हणून चाचणी. विंडोजमध्येच एक मेमरी डायग्नोस्टिक असतं. स्टार्टमध्ये ते नाव टाइप केलं की सापडतं, मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी चालते. सुरू असताना एफ वन दाबून 'एक्स्टेंडेड' निवडावं. माझा त्यावर अर्धाच विश्वास आहे. त्याने दोष दाखवला तर तो दोष खरा मानावा, पण 'काही सापडलं नाही' म्हणालं म्हणून रॅम सुटली असं समजू नये. मी मेमटेस्ट८६ वापरते. पेन ड्राइव्हवर टाकायचं, कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा आणि रात्रभर सोडून द्यायचा. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, घरच्या कामाला पुरतात. याचा मोठा फायदा असा की तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं. म्हणजे त्यात जी चूक निघेल तिचं खापर विंडोजवर, व्हायरसवर किंवा बाबांच्या पत्त्यांवर फोडता येत नाही.

त्या रात्री मी नौपाड्यालाच राहिले. साडेदहाला चाचणी लावली. बारा वाजता पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये अंधारात पडद्यावर लाल ओळी. एरर: ३४. झोपेतून उठून आलेले बाबा म्हणाले, "चौतीसच ना? चार-पाच टक्केही नसेल." इथे टक्केवारी चालत नाही. रॅममध्ये एक चूकही जास्त झाली. उरलेल्या चाचणीला फार अर्थ नव्हता, तरी सकाळपर्यंत चालू ठेवली.

सकाळी कॅबिनेट उघडलं. कुणाला स्वतः करायचं असेल तर क्रम महत्त्वाचा आहे: प्लग भिंतीतून काढायचा, मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, आणि रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तिकडे उतरते. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. काही मदरबोर्डांवर खिटी एकाच टोकाला असते, तिथे दुसरी शोधत बसू नये.

पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. ठाण्यात, नवी मुंबईत खाडीची दमट, खारट हवा आणि वर धूळ. त्या दातांवर एक मळकट थर धरतो. दुकानातली मुलं शाळेतल्या खोडरबराने ते घासतात आणि पुष्कळदा एवढ्यावर काम भागतं. मीही घासते, पण हलक्या हाताने, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, आणि रबराचे कण ब्रशने झाडून टाकते. ते कण पट्टी बसते त्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, गेले तर रोगापेक्षा औषध वाईट. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब लावलेलं सुती कापड त्याहून बरं. परफ्यूम नको, सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि इतर चिकट पदार्थ असतात.

साफ करून एकेक पट्टी वेगळी तपासली. आधी फक्त जुनी, सहा तास: शून्य चुका. मग फक्त नवी, त्याच स्लॉटमध्ये: वीस मिनिटांत लाल. स्लॉट बदलून पाहिला, तरी लाल. म्हणजे स्लॉट सुटला, बोर्ड सुटला, जुनी पट्टी सुटली. राहिली ती मी एप्रिलमध्ये हौसेने आणलेली. आईने एवढंच विचारलं, "म्हणजे तूच केलंस ते?"

इथे एक शक्यता तपासायची राहून जाते आणि अनेकांची फसगत होते. नव्या रॅमच्या खोक्यावर लिहिलेला वेग अनेकदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू केल्यावरच मिळतो, आणि तो वेग म्हणजे एक प्रकारे ठरलेल्या मापापेक्षा जास्त पळवणं असतं. दोन वेगळ्या पट्ट्या एकत्र त्या वेगाने पळतीलच असं नाही. ते सेटिंग बंद करून, साध्या वेगावर चाचणी घ्यावी. साध्या वेगावर चुका थांबल्या तर पट्टी चांगली आहे, आपली घाई वाईट. बाबांच्या मशीनमध्ये ते बंदच होतं.

आता दुसरी गोष्ट, तोच माणूस दरवेळी पडतो ती. वर्तकनगरच्या मावशीचा लॅपटॉप. तिचाही फोन असाच, "बघ गं, हा पण तुझ्या बाबांसारखा करायला लागला." मी विचारलं, "मावशी, तू झाकण मिटून ठेवतेस आणि परत उघडतेस तेव्हाच होतं का?" थोडा विचार करून म्हणाली, "हो गं! तुला कसं कळलं?" कळलं कारण तिने पाठवलेल्या तीनही फोटोंत एकच कोड होता: 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. झाकण मिटलं की विंडोज प्रत्येक उपकरणाला सांगतं, झोपा आता. एखाद्याचा ड्रायव्हर हूं की चूं करत नाही. विंडोज काही मिनिटं वाट बघतं आणि मग मेन स्विच पाडतं.

कुठला ड्रायव्हर, ते वॉचमनच्या वहीत सापडतं. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात मिनीडम्प नावाचं फोल्डर असतं, प्रत्येक निळ्या पडद्यामागे त्यात एक फाइल. 'सफाई' करणारी फुकटची सॉफ्टवेअरं नेमकी हीच पहिल्यांदा पुसतात, तेवढी टाळा. ती फाइल नुसती उघडून काही कळत नाही. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचा एक छोटा, फुकट प्रोग्रॅम आहे, तो या फायली वाचून त्या वेळी कोणकोण तळमजल्यावर होतं याची यादी देतो. त्यात 'एनटीओएसकर्नल' हे नाव दिसलं तर लगेच बोट दाखवू नका. ते खुद्द कर्नलचं नाव आहे, म्हणजे वॉचमनचंच. पडण्याच्या वेळी तो तिथे असतोच, कारण स्विच त्यानेच पाडलेला असतो. बघायचं ते त्याच्या शेजारी दरवेळी दिसणारं, विंडोजचं नसलेलं नाव. मावशीच्या तीनही फायलींत वायफायचा ड्रायव्हर होता. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून टाकला आणि ते थांबलं. नव्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर उलटंही करता येतं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. मात्र 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरला घरात घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. चालू असलेले दहा ड्रायव्हर बदलून ते अकरावा प्रश्न उभा करतं.

पडदा वाचायच्या आत जातो, ही बाबांची तक्रार रास्त होती. विंडोज लगेच आपोआप रीस्टार्ट होतं. ते बंद करायला 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथून ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची टिक काढायची. मग पडदा जागचा हलत नाही, मोबाइलवर निवांत फोटो काढता येतो. आणि ज्यांना कालनिर्णयवर लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की एक तक्ता उघडतो. दिवसवार, लाल फुल्यांसह, मशीनची तब्येत एक ते दहाच्या मापात. फुल्या कधीपासून सुरू झाल्या ते बघायचं आणि त्याच्या आधीच्या दोन-चार दिवसांत काय नवं टाकलं ते. बाबांचा तो तक्ता दोन फॉरमॅटमध्ये पुसला गेला होता.

तिसरा प्रकार निळ्या पडद्याचा नाहीच, पण लोक त्याच पोत्यात टाकतात. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मित्राचा कॉम्प्युटर गेम चालू असताना फटकन बंद व्हायचा आणि परत सुरू व्हायचा. निळा नाही, काळा नाही, कोड नाही. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद, आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे स्टॉप कोडचा आकडा, शून्य. शून्य म्हणजे वॉचमनला स्विच पाडायलाही वेळ मिळाला नाही, वीजच गेली. हे बहुतेक वेळा एसएमपीएसचं, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं काम असतं, नाहीतर उष्णतेचं. त्याने नवं ग्राफिक्स कार्ड घातलं होतं आणि डबा जुनाच, स्टिकरवर ५०० वॅट लिहिलेला. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या मधे राहायला हवी, त्याची गेम सुरू झाली की त्याखाली घसरायची. मेट्रोच्या कामाची धूळ पंख्यात इतकी बसली होती की ब्रशने नुसती सरकत होती, निघत नव्हती. ओळखीच्याचा एसएमपीएस दोन दिवस लावून पाहिला, त्रास गेला, मग नवा घेतला. आधी उसना लावून बघणं हे या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त निदान आहे.

डिस्कबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. 'कर्नल डेटा इनपेज एरर' किंवा 'क्रिटिकल प्रोसेस डाइड' वारंवार येत असेल, फायली उघडायला वेळ लागत असेल, तर डिस्कचा संशय धरा आणि दुसरं काही करायच्या आधी फोटो, हिशेब, कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्रॅम लावून डिस्क स्वतःबद्दल काय सांगते ते बघा. घाईघाईने चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, लावू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ते कोपऱ्याकोपऱ्यातून पळवतं, आणि त्यातच ती जाऊ शकते. कधीकधी मात्र नुसती केबल सैल असते.

डिस्क ठीक असेल आणि विंडोजच्याच फायली बिघडल्याचा संशय असेल, तर फॉरमॅटच्या आधी एक सौम्य उपाय आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी, एक जागा सोडून स्लॅश आणि लगेच जोडून स्कॅननाऊ. विंडोज आपल्या फायली मूळ प्रतींशी ताडून बघतं आणि बिघडलेल्या बदलतं. आणखी एक: 'शट डाउन' करून परत सुरू केलं म्हणजे सगळं नव्याने सुरू झालं असं नसतं. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज तळमजल्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. खरोखर नव्याने सुरू करायचं तर 'रीस्टार्ट'च.

'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' दिसला तर तक्रार प्रोसेसर किंवा बोर्डच करतोय असं समजा. २०२४ मध्ये इंटेलने १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतला दोष मान्य करून बायोसवाटे दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या पिढीचं मशीन असेल तर बायोस अपडेट झालाय का, एवढं विचारून घ्या.

आणि जो निळा पडदा फोन नंबर दाखवतो तो खोटा. विंडोज कधीच पडद्यावर हेल्पलाइनचा नंबर देत नाही, भोंगा वाजवत नाही, 'कॉम्प्युटर बंद करू नका' म्हणून दरडावत नाही. ते ब्राउझरचं पान असतं, पूर्ण पडद्यावर पसरलेलं. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेवढ्यात कुणी फोन लावून पैसे देऊन बसलं असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करायची. सोसायटीतल्या एका आजोबांना अशा पानाने घाम फोडला होता. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर स्पीकर होते, तेही मोठ्ठे.

बाबांची सदोष पट्टी वॉरंटीत होती. बिल सापडलं, तेही आईच्या फाइलमध्ये. तीन आठवड्यांनी बदली पट्टी आली. ती थेट नौपाड्याला नेली नाही. ऐरोलीत माझ्या मशीनमध्ये एकटी लावून रात्रभर मेमटेस्ट चालवली. चार फेऱ्या, शून्य चुका. मग जाऊन बसवली, दोन्ही एकत्र पुन्हा तपासल्या, आणि बाबांना सांगितलं की कालनिर्णयवरच्या नोंदी आणखी दोन महिने चालू ठेवा.

ऑगस्टच्या पानावर फक्त दूध आहे. सप्टेंबरच्या १६ तारखेला 'दू. १' आणि त्याखाली पेन्सिलने: 'दु. २.४०. काळा! कोड दिसला नाही. मग पंखाही बंद दिसला. लाइट गेली होती.'